बियाण्यावरचा शिक्का आणि चोरीचा आळ

(उल्हासनगर, कॅम्प ५ येथील बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



कापूस-ज्वारीवाल्यांची बैठक उल्हासनगरात कशाला, असे निरोप मिळाल्यावर आपल्यातल्या काही जणांनी विचारले. प्रश्न बरोबर आहे. इथे कापसाचे एक झाडही नाही. पण आपण आता ज्या गल्लीतून चालत आलो, तिथे दोन्ही बाजूंना शिलाई यंत्रांचा आवाज होता आणि दारादारांत जीन्सचे गठ्ठे पडले होते. आपला कापूस जिनिंगमध्ये जातो, तिथून सूतगिरणीत, मग त्याचे डेनिम होते, आणि त्यातले काही कापड फिरत फिरत या कॅम्प पाचमध्ये येते. आपल्या गावची काही पोरेही अशीच फिरत फिरत इथे आली. कापूस परवडेना म्हणून गाव सोडले, आणि इथे येऊन कापसाच्याच पँटी शिवू लागली. बैठक एकदा आमच्याकडे घ्या, असे ती म्हणाली, म्हणून आपण आलो.

दुसरेही कारण आहे. आज बोलायचे आहे ते चोरीबद्दल. बियाण्याची चोरी, ज्ञानाची चोरी, नकली माल. आणि नकली मालाचा आळ या गावाइतका दुसऱ्या कुठल्या गावाने सोसला नसेल.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत ठेवले. म्हणून इथला पत्ता अजून कॅम्प १ ते कॅम्प ५ असाच सांगतात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाची कोनशिला बसली आणि उल्हासनगर हे नाव पडले. आलेल्या माणसांजवळ जमीन नव्हती, भांडवल नव्हते, परमिट नव्हते. त्या जमान्यात तर परमिटाशिवाय पान हलत नव्हते. देशात परदेशी मालाची हौस होती आणि आयातीला कुलूप होते. मग जे खपेल ते या लोकांनी बराकीत बसून बनवले. त्यावरून विनोद निघाला तो तुम्हीही ऐकला असेल. मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेले असते, आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! मुंबई त्यावर पोट धरून हसली.

खोटे लेबल लावून गिऱ्हाइकाला फसवणे वाईटच. त्याची भलावण आम्ही करणार नाही. पण हसण्यापूर्वी एक गोष्ट वेगळी काढून बघू. पँटीचे कापड खरे, शिवण खरी, शिवणाऱ्याचे कष्ट खरे. खोटे काय, तर कंबरेवरची दोन बोटांची पट्टी. आणि किमतीतला मोठा हिस्सा त्या पट्टीचाच. शिवणाऱ्याला मिळतात पीसमागे ठरलेले पैसे, कापूस पिकवणाऱ्याला क्विंटलचा भाव. ज्याच्या नावाची पट्टी, त्याच्याकडे खरी कमाई. ही पट्टी ध्यानात ठेवा, कारण हीच पट्टी पुढे आपल्या बियाण्याच्या पुड्यावर येऊन बसली.

आपणही चोर होतो

चोर म्हणवून घेणे आपल्याला नवे नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस विकायचा तो सरकारी केंद्रावरच. शेजारच्या राज्यात भाव चार पैसे जास्त असला आणि आपण स्वतःच्या शेतातला, स्वतःच्या बायका-पोरांनी वेचलेला कापूस बैलगाडीत घालून सीमेपार नेला, तर त्याला तस्करी म्हणत. गाडी अडवत, माल पकडत. आपला माल, आपली गाडी, आणि चोरही आपणच! पुढे २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी झाली. म्हणजे जे काल पाप होते, ते एका कागदाने व्यवहार झाले. मधल्या काळात शेतकरी बदलला नव्हता, कापूसही बदलला नव्हता. बदलला होता फक्त कायदा.

म्हणून कुणी चोर म्हटले की आपण लगेच मान खाली घालायची नाही. तीन प्रश्न विचारायचे. यात कुणाची फसवणूक झाली? या मालात कष्ट कुणाकुणाचे आहेत? आणि याला चोरी ठरवल्याने फायदा कुणाचा होतो?

दोर वर ओढून घेणारे

जगाला चोरीबद्दल शिकवणारी अमेरिका. तिचा कापडधंदा कसा उभा राहिला ते पाहा. इंग्लंडमध्ये सूतकताईची यंत्रे निघाली तेव्हा त्या सरकारने कायदा केला होता की, यंत्र किंवा त्याचा नकाशा देशाबाहेर न्यायचा नाही आणि कसबी कारागिरानेही बाहेर जायचे नाही. सॅम्युअल स्लेटर नावाचा तरुण कारागीर १७८९ मध्ये गुपचूप निघाला. आपण शेतमजूर आहोत असे सांगून तो जहाजावर चढला, असे म्हणतात. हातात कागद नव्हता, यंत्राची सगळी रचना डोक्यात होती. ऱ्होड आयलंड राज्यात पॉटकेट येथे त्याने ती यंत्रे उभी केली आणि अमेरिकेत कापसाची यंत्रावरची कताई सुरू झाली. इंग्लंडच्या दृष्टीने तो देशद्रोही. अमेरिकेत तो उद्योगाचा जनक. १८९१ पर्यंत अमेरिकेतले छापखाने परदेशी लेखकांची पुस्तके दमडी न देता छापत होते, कारण तिथला कायदाच परक्याचा हक्क मानत नव्हता.

यात आश्चर्य नाही. खाली असताना प्रत्येक देश दुसऱ्याचे पाहून शिकतो. आक्षेप आहे तो पुढच्या वागण्यावर. विहिरीतून वर आल्यावर त्याच माणसाने दोर वर ओढून घ्यायचा आणि खाली राहिलेल्यांना सांगायचे की दोर धरणे ही चोरी आहे! १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. तिच्याबरोबर बौद्धिक संपदेचा करार आला. ज्याला आपण डंकेल प्रस्ताव म्हणून ओळखत होतो, त्यातलाच तो भाग. व्यापार खुला होणार याचे आपल्यातल्या पुष्कळांनी स्वागत केले होते, आणि त्यात चूक नव्हती. आम्ही बाजाराचे वैरी नाही. शेतकऱ्याला बाजार कधी मिळालाच नाही, हेच तर आपले गाऱ्हाणे. पण मक्तेदारी म्हणजे बाजार नव्हे. भांडवलशाहीची गंमत अशी की ती लहानाला स्पर्धा शिकवते आणि मोठ्याला मक्ता देते.

बियाण्याला कुलूप का लागते

कारखानदाराच्या दृष्टीने बियाणे हा मोठा अडचणीचा माल आहे. पंप विकला तर त्या पंपाला दुसऱ्या वर्षी चार पंप होत नाहीत. ज्वारीच्या एका कणसातून मात्र पुढच्या वर्षी कितीतरी कणसे उभी राहतात. बियाणे हे धान्यही आहे आणि धान्याचा कारखानाही. एकदा विकले की गिऱ्हाईक कायमचे तुटले. म्हणून बियाण्यात भांडवल शिरायचे तर आधी बियाण्याला कुलूप हवे.

पहिले कुलूप संकराचे. आपल्याकडे ज्वारीचा पहिला संकर सीएसएच-१ हा १९६४ मध्ये आला. कापसाचा जगातला पहिला व्यापारी संकर एच-४ हा १९७० मध्ये सुरतच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी काढला. हे सरकारी संशोधन होते आणि त्याने उत्पन्न वाढले, हे मान्य केले पाहिजे. पण संकरित सरकी घरची ठेवून पेरली तर दुसऱ्या वर्षी झाडे सारखी येत नाहीत, म्हणून दरवर्षी दुकान गाठावे लागते. दुसरे कुलूप कायद्याचे. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेत बदललेल्या जिवाणूवर पेटंट घेता येते असा निकाल दिला, आणि जिवंत वस्तूवर मालकी सांगण्याचे दार उघडले. तिसरे कुलूप थेट बियाण्याच्या पोटात. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत एका कापूस बियाणे कंपनीला आणि तिथल्या शेती खात्याला मिळून एक पेटंट मिळाले. त्या तंत्राने पिकाचे दाणे उगवणारच नाहीत अशी सोय होती. जगाने त्याला टर्मिनेटर म्हटले. ओरड झाली, ते बियाणे बाजारात आले नाही, आणि आपल्या २००१ च्या कायद्याने अशा वाणाची नोंदणीच बंद केली. पण एवढी विद्या, एवढा पैसा खर्चून शोधले काय? तर दाणा उगवू नये कसा! कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाचा ताण सोसणारे वाण हवे होते. पण जे एकदाच विकावे लागते, त्यावर कंपनी कशाला खर्च करील? विज्ञान वाईट नाही. कुठल्या प्रश्नावर खर्च करायचा हे भांडवल ठरवते, तिथे गोम आहे.

बीटीची जन्मकथा

आता बीटीकडे या. बीटी म्हणजे मातीतला एक जिवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये तो पहिल्यांदा सापडला, १९११ मध्ये जर्मनीत थुरिंगिया प्रांतावरून त्याला नाव मिळाले. तो कुणी बनवला नाही. त्यातले एक जनुक मोन्सॅंटोने कापसाच्या झाडात बसवले, ते झाड अमेरिकेतल्या एका जुन्या वाणाचे. मग जालन्याच्या महिको कंपनीने ते आपल्याकडच्या कापसाशी संकरून उतरवले. २६ मार्च २००२ रोजी तीन संकरांना सरकारची परवानगी मिळाली. यात मोन्सॅंटोचे कसब होते, खर्च होता, हे नाकारू नका. पण त्या पुड्यात मातीतला जिवाणू होता, जगभरच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या निवडलेला कापूस होता, सरकारी केंद्रांचे काम होते. पट्टी मात्र एकाचीच लागली.

त्याच्या आधीच २००१ मध्ये गुजरातेत गंमत झाली. त्या वर्षी बोंडअळीने शेते खाल्ली, पण नवभारत १५१ नावाचे बियाणे पेरलेली शेते उभी राहिली. तपासले तर आत बीटीचे जनुक! परवानगी नव्हती. दिल्लीच्या समितीने ऑक्टोबरात हुकूम काढला की उभा कापूस उपटून जाळा. शेतकरी आडवे झाले. शरद जोशी आणि शेतकरी संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. कापूस वेचला गेला, विकला गेला, आणि त्याचे बियाणे पसरायचे ते पसरलेच.

वर्तमानपत्रांनी त्याला चोरीचे बियाणे म्हटले. आता आपले प्रश्न विचारा. त्या जनुकावर भारतात पेटंटच नव्हते! मोडला होता तो जैवसुरक्षेचा, म्हणजे परवानगीचा नियम. तो मोडणे ही किरकोळ गोष्ट नाही, पण ती चोरी नव्हे. परवाना नसणे आणि चोरी करणे या दोन गोष्टी इतक्या बेमालूम मिसळल्या गेल्या की आपल्यालाही फरक दिसेना.

आणि पेटंट नसताना पैसे मात्र वसूल झाले. बियाणे कंपन्यांशी करार करून जनुकाचे शुल्क लावले गेले. पहिल्या काही वर्षांत ४५० ग्रॅमच्या पुड्याला सोळाशेच्या आसपास रुपये मोजलेले तुम्हाला आठवत असतील. त्यातला बहुतांश भाग या शुल्काचा होता. २००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा पुडा साडेसातशेवर आला. २०१६ मध्ये केंद्राने बीजी-२ चा पुडा ८०० रुपये आणि त्यात शुल्क ४९ रुपये ठरवले. २०२० मध्ये शुल्क शून्य झाले. हजारावरून शून्य!

बीजी-२ वर मात्र पेटंट होते. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले, कारण आपल्या कायद्यात झाडावर आणि बियाण्यावर पेटंट नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून खटला पुन्हा चालवायला सांगितला. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली आणि २०२१ मध्ये कंपन्यांनी आपसांत मिटवले. झाडात बसवलेल्या जनुकाचा मालक कोण, या प्रश्नाचा निकाल त्या खटल्यात लागलाच नाही.

नागपूरचे बियाणे आणि आजीची हळद

एक दुखरी गोष्टही सांगितली पाहिजे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या विद्यापीठाबरोबर बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी बसवले. २००८ मध्ये परवानगी मिळाली, २००९ मध्ये ते पेरले गेले. स्वस्त होते आणि मुख्य म्हणजे सरकी घरची ठेवता येत होती. वर्षाच्या आत विक्री थांबली, कारण त्यात मोन्सॅंटोचेच जनुक निघाले. चौकशी समितीने २०१२ मध्ये संशोधकांच्या कामातल्या त्रुटी दाखवल्या. चूक झाली हे खरे. पण तिची किंमत शेतकऱ्याने मोजली. ठेवता येणारे बीटी बियाणे ऐन वेळी हातातून गेले. त्याच संस्थेने नंतर बीटीचे सरळ वाण काढले, पण तोवर सगळा मुलूख संकरित पुड्यांनी व्यापला होता.

उलट दिशेची चोरी कशी होते तेही पाहा. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्यावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्या संस्थेने आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पण रद्द कशाने झाले? आपल्या आयांनी पिढ्यान्पिढ्या जखमेवर हळद दाबली, ते पुरेसे नव्हते. जुने ग्रंथ आणि १९५३ च्या वैद्यकीय मासिकातला लेख पुढे ठेवावा लागला. युरोपात कडुनिंबावरचे पेटंट २००० मध्ये रद्द झाले, ते अपिलासह पक्के व्हायला २००५ उजाडले. शेतातून कंपनीकडे गेले की त्याला शोध म्हणतात. कंपनीकडून शेतात आले की चोरी.

मग आपण काय मागायचे? आपल्याही वस्तूंना कुलूप लावा, असे? आम्हाला ते पटत नाही. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्राने शेतकऱ्यांच्याच मालदांडीतून निवड करून मालदांडी ३५-१ दिली. कुणी शेतकऱ्याने त्यासाठी हक्काचे पैसे मागितले नाहीत. ज्वारी मुळात आफ्रिकेतून आली. सीएसएच-१ ची मादी अमेरिकन होती. आपण पेरतो तो बहुतेक कापूसही मुळात अमेरिका खंडातला. बियाणे नेहमीच एका हातातून दुसऱ्या हातात गेले आणि म्हणूनच सुधारले. आपली मागणी एवढीच की, ते असेच जाऊ द्या.

चोर बीटीचा पुडा

आता या हंगामाचे बोलू. गावोगाव बिनाबिलाचा तणनाशक-सहनशील पुडा फिरतो. लोक त्याला चोर बीटी म्हणतात. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी हे बियाणे उघडपणे, आधी जाहीर करून लावले. तेव्हाच्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. ते तंत्र हवे की नको यावर आपल्यात मतभेद आहेत आणि राहू द्या. पण त्यांनी जे केले ते सगळ्यांसमोर, स्वतःच्या नावाने केले.

रात्री पुडा आणून देणारा दलाल मात्र सत्याग्रही नव्हे. त्याच्या पुड्यावर गाव नाही, लॉट नंबर नाही. आत तणनाशक सोसणारे जनुक आहे की नाही, अळीविरुद्धचे आहे की नाही, उगवण किती, कुणी सांगायचे? तणनाशक मारल्यावर शेत जळाले तर कुणाच्या दारात जायचे? इथे फसवणूक कुणाची, तर आपली. कॅम्प पाचमधली नकली पट्टी पँटीवर असते. पँट अंगात बसते की नाही हे दुकानातच कळते. बियाण्याची पट्टी खोटी निघाली हे कळायला जून ते ऑक्टोबर लागतो, आणि तोवर वर्ष गेलेले असते.

शिक्क्याचे बियाणे तरी निर्धास्त आहे का? नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने सगळ्या परवानगीच्या बीजी-२ ची बोंडे पोखरली, हे विदर्भ-मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. फरक इतकाच की, बिल असेल तर निदान कुणाला तरी जाब विचारता येतो.

म्हणून चार गोष्टी ठरवून उठू या.

एक. पक्के बिल घेतल्याशिवाय सरकीचा पुडा घ्यायचा नाही. बिल, रिकामी पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणे हंगामभर जपायचे. उगवण फसली तर तालुक्याच्या बियाणे तक्रार समितीकडे लेखी अर्ज लगेच द्यायचा. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहक आहे आणि ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितले आहे.

दोन. घरची ज्वारी, तूर, हरभरा, सरळ वाणाची सरकी ठेवणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे, विकणेसुद्धा, ही चोरी नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याचे कलम ३९ हा हक्क देते. अट एकच, संरक्षित वाणाचे बियाणे त्या वाणाचे लेबल लावलेल्या पिशवीत भरून विकायचे नाही. २०१९ मध्ये गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर पेप्सिको कंपनीने एक कोटीच्या वर नुकसानभरपाईचे दावे ठोकले होते. शेतकऱ्यांनी हेच कलम पुढे केले, देशभर आवाज उठला आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले.

तीन. पहिल्या बीटी जनुकावर भारतात पेटंट नव्हते आणि बीजी-२ वरचे संपले. आता नागपूरच्या संस्थेने आणि कृषी विद्यापीठांनी ठेवता येणारी सरळ वाणे भरपूर बियाण्यासह आमच्या तालुक्यापर्यंत पोचवावीत. ही मागणी प्रत्येक जिल्हा बैठकीने ठराव करून पाठवावी.

चार. नव्या तंत्राला होय म्हणायचे की नाही, हे चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर करून, मुदतीत ठरवावे. होय असेल तर उघड विका आणि जबाबदारी घ्या. नाही असेल तर कारण सांगा. वर्षानुवर्षे न ठरवण्याने दलालाचे घर भरते.

बैठक संपली की पोरे आपल्याला कारखान्यात नेणार आहेत. जरूर जा. तिथल्या कापडाला हात लावून बघा. त्यात आपले बियाणे, आपला पाऊस आणि त्यांची शिवण आहे. त्यांना आणि स्वतःला चोर समजायचे आता सोडून द्या.